दोष उत्पादकाचा, भार ग्राहकाचा

ज्या जबलपुरातील वाहन निर्माणीने लष्करासाठी शक्तिमान ट्रक बांधले, तेथे यंत्राची पारख असणाऱ्यांची उणीव नाही. तरीही येथील एखाद्या ग्राहकाच्या मोटारीचा स्वयंचलित गिअरबॉक्स वॉरंटी संपताच निकामी झाला, तर दोष मुळातलाच होता हे सिद्ध करण्याचा भार त्याच्या एकट्यावर पडतो. क्लचची झीज वॉरंटीत बसत नाही, हे उत्तर ठरलेले असते. विस्तारित वॉरंटी हवी असल्यास तिचे पैसे ग्राहकानेच आगाऊ मोजायचे. उत्पादकाच्या चुकीचा विमा खरेदीदाराने उतरवावा, असाच हा प्रकार आहे.

कायदे आहेत, पण ते नेमके येथेच अपुरे पडतात. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-अ सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश देण्याची मुभा सरकारला देते. मात्र तो दोष पर्यावरणास किंवा माणसांना अपायकारक असावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ने उत्पादन दायित्व आणले. परंतु ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द सदोष वस्तूचे नुकसान वगळले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण वॉरंटीत केवळ सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे वचन असेल, तर संपूर्ण मोटार बदलून मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका मोटारीच्या प्रकरणात दिला. शिवाय एकाने जिंकलेल्या दाव्याचा लाभ तशाच मोटारीच्या दुसऱ्या मालकाला आपोआप मिळत नाही.

अन्य देशांत चित्र वेगळे दिसते. चीनमध्ये फोक्सवॅगनने २०१२ मध्ये दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची हमी दहा वर्षे वा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढविली. पुढल्याच वर्षी सरकारी दूरचित्रवाणीने तक्रारींना वाचा फोडल्यावर ३ लाख ८४ हजारांहून अधिक मोटारी परत मागवाव्या लागल्या. अशाच गिअरबॉक्सच्या तक्रारी अन्यायकारक रीतीने हाताळल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

१९३०च्या मालविक्री कायद्यात, काही अपवाद सोडता, ग्राहकाने माल पारखून घ्यावा हाच मूळ नियम आहे. धान्य मुठीत घेऊन पाहता येते. बंदिस्त गिअरबॉक्स कोणी उघडून पाहायचा? म्हणूनच ग्राहकांच्या सामूहिक हितासाठी २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास येथे स्पष्ट अधिकार हवेत. एकाच बनावटीच्या गिअरबॉक्सविषयी तक्रारी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या, की उत्पादकाने त्या भागाची वॉरंटी विनामूल्य वाढवावी, ती दुसऱ्या मालकासही लागू करावी आणि आधी स्वखर्चाने दुरुस्ती केलेल्यांना परतफेड करावी.

याने मोटारी महागतील, हा आक्षेप अपेक्षित आहे. परंतु हा खर्च आजही होतोच. फक्त तो दोषाची पूर्वकल्पना नसलेल्या ग्राहकाच्या खिशातून जातो. ज्याने गिअरबॉक्स बनविला, त्याच्याकडे तो वळविणे हीच न्यायाची किमान अट आहे.