वजन भरपूर, उतारा कमी

'घाशीराम कोतवाल' हा १९७६ सालचा चित्रपट नुकताच वडगाव रासाई येथे काही कार्यकर्त्यांसमवेत पाहिला. मनात आदर बाळगूनच आम्ही बसलो होतो. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' ही सहकारी संस्था काढली आणि मणि कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप व सईद मिर्झा यांनी मिळून तो दिग्दर्शित केला. धंदेवाईक निर्मात्याच्या दारी न जाता, तेही ऐन आणीबाणीत, असा उद्योग करणे सोपे नव्हते. पटकथा तेंडुलकरांची, नाना मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. इतकी सामग्री हाताशी असूनही पदरी निराशाच आली.

जब्बार पटेलांनी १९७२ साली रंगभूमीवर आणलेल्या मूळ नाटकात एक रोकडा व्यवहार आहे: बाप मुलगी देतो आणि कोतवाली घेतो. सत्ता स्वतःसाठी गुंड पोसते व काम सरल्यावर त्याला जमावाच्या स्वाधीन करते, हे त्यात लख्ख दिसते. चित्रपटात तो व्यवहार दीर्घ, संथ दृश्यांच्या धुक्यात विरून जातो. अखेरचे दृश्य तर कोठेही न तोडता कित्येक मिनिटे चालते. हंगेरीच्या मिक्लोश यांचोची छाया त्यावर स्पष्ट आहे. कसब वादातीत, परंतु ते कसब कशाच्या सेवेला लावले, हे उमगत नाही. आमच्या भीमाकाठच्या भाषेत सांगायचे तर ऊस वजनाला भरला, उताऱ्याला बसला.

शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मध्येच विचारले, "सर, या एवढ्या पुण्याला खायला कोण घालत होतं?" अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, परंतु हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे कबूल करतो. सारा, वसुली, रयत यांचा पडद्यावर मागमूस नाही. सत्तेची चिकित्सा करू पाहणारी कलाकृती सत्तेच्या अन्नदात्यालाच वगळते, तेव्हा उरतात त्या केवळ आकृती.

लोकांसाठी सारे सोपेच असावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. दुर्बोधतेचाही कलावंताला हक्क आहे. तथापि याच तेंडुलकरांनी लिहिलेला आणि १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेला 'सामना' पाहावा. त्यातील हिंदुराव पाटील आमच्या साखरपट्ट्यात कोणालाही ओळखू येतो, आणि म्हणून मारुती कांबळेच्या बेपत्ता होण्याचा जाब प्रेक्षक मनातल्या मनात आपल्याच गावाला विचारू लागतो.

'घाशीराम'ची प्रत बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत जपली गेली, हे आपले भाग्यच. ज्यांच्या नावाने तो काढला गेला, त्यांच्यातील फार थोड्यांनी तो पाहिला आहे. पुढल्या खेपेस वडगावला 'सामना' दाखवण्याचे ठरले असून, प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिल्या रांगेत जागा राखून ठेवण्यास सांगितले आहे.