भंगारापूर्वी विद्यालयाकडे

१९२७ साली मुंबईस माझगावच्या पाण्यात ‘डफरिन’ हे जुने सरकारी जहाज उभे करून हिंदी तरुणांस व्यापारी नौकांवरील अधिकारपदाचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. सैनिकांची ने-आण करण्यासाठी १९०४ साली बांधलेले हे जहाज. परकी सरकारचे औदार्य म्हणून त्याचा गौरव करण्याचे कारण नाही. लोकमताच्या रेट्याखाली ते द्यावे लागले. परंतु १९७२ पर्यंत त्याने किती माणसे घडविली! पहिल्याच तुकडीतील रामदास कटारी १९५८ साली नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

स्वराज्याची रीत मात्र निराळी दिसते. १९९७ साली निवृत्त झालेली ‘विक्रांत’ २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींस लिलावात गेली आणि तिच्या पोलादाचा काही अंश मोटारसायकलींच्या टाक्यांत अवतरला. ‘विराट’ २०२० साली अलंगच्या वाटेस लागली.

आस्त युद्धनौका पोसणे कोणत्याही विद्यालयास झेपणारे नाही, हे आम्ही जाणतो. आमचे मागणे अल्प आहे. सरकारी नौका भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी तिच्यावरील पंप, झडपा, होकायंत्रे, जीवनरक्षक होड्या, ज्यांत गुप्ततेचा प्रश्न नाही असे सारे सामान नौकाविद्यालयांपुढे ठेवावे. जुने रडार आज निरुपयोगी ठरेल, हे खरे. पण पंप उघडून पुन्हा जोडण्याची विद्या जुनी होत नाही. अमेरिकेच्या कायद्यात तर शिल्लक नौका, यंत्रे, इतकेच नव्हे तर इंधनसुद्धा देणगी, उसनवारी वा भाड्याने अशा विद्यालयांस देण्याची सोय आहे.

खानदेशास याचे काय, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, खानदेशासच अधिक. कोळीवाड्यातील मुलास होडीचे इंजिन बालपणापासून परिचयाचे असते. पिंपळनेरच्या मुलाने पाणी पाहिलेले असते ते पांझरेचे आणि लाटीपाड्याच्या धरणाचे. प्रवेशपरीक्षा तो बुद्धीच्या बळावर उत्तीर्ण होईल; पण त्यापुढे त्याचा सारा भार विद्यालयाच्या कार्यशाळेवर. तेथे फळ्यावरील आकृतीच असेल, तर भर समुद्रात यंत्र बंद पडल्यावर त्याने काय करावे? त्याच्या शिक्षणाकरिता बापाने काढलेले कर्ज तर त्या आकृतीने फिटत नाही.

लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी ठराविक मुदतीत विद्यालयांची मागणी विचारावी, वाहतुकीचा खर्च त्यांनी सोसावा, किंमत सरकारने सोडावी. नौदल, तटरक्षक दल, सीमाशुल्क खाते व बंदरे या सर्वांस हा एकच नियम लागू करावा. नौकानयन मंत्रालयास याकरिता नवी तिजोरी उघडावयाची नाही.