बंद गाडीची काटकसर

गेल्या बैठकीनंतरच्या चहापानात आमच्या मंडळातील काही ज्येष्ठांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत झाले. घरातल्या मुलाला चालती जुनी मोटारसायकल घेऊन देऊ नये. त्याहून निम्म्या-तिहाई किमतीत बंद पडलेली मिळते, ती घ्यावी आणि मुलाने ती स्वतःच्या हाताने उभी करावी. पैसे वाचतात, यंत्र कळते आणि आयत्यावर बसण्याची खोड जडत नाही. ज्येष्ठांचा मान राखून आम्ही त्या दिवशी गप्प राहिलो. परंतु ते गप्प राहणे चुकीचे होते, असे आम्हांस आता वाटते, आणि म्हणून हा लेखप्रपंच.

या मताच्या मुळाशी एक आठवण आहे. तिच्याविषयी आम्हांलाही ममत्व आहे. आपल्या जुन्या घरांपैकी पुष्कळांच्या ओसरीवर कधी काळी राजदूत उभी असे. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या नमुन्यावरून बनवलेली ती १७५ सीसीची गाडी. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने तिच्या एका धाकट्या भावंडाला तरुणांच्या गळ्यातला ताईत केले, पण आपल्याकडे तिला खरा मान होता तो चिखलात न कुरकुरणारी म्हणून. पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळणे, काजळी धरलेला प्लग पुसून पुन्हा बसवणे, हे संस्कार आम्हीही वडिलांच्या हाताखाली घेतले आहेत. मात्र या आठवणीतून एक तपशील सोयिस्करपणे गळून पडतो. आपल्या वडिलांनी ती गाडी घेतली तेव्हा ती चालत होती. त्यांनी चालती गाडी चालती ठेवली. मेलेली गाडी जिवंत करणे हा अगदी निराळा उद्योग आहे.

निराळा का, ते सांगतो. चालती गाडी तपासता येते. सकाळी थंड इंजिनावर किती किका लागतात, तापल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर येतो की नाही, चढावर क्लच घसरतो का, हँडल वळवताना कोनसेट अडकतो का, हे अर्ध्या तासात कळते आणि त्यानुसार भावही पाडता येतो. बंद गाडीला यातला एकही प्रश्न विचारता येत नाही. तिचे दोष एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी पैसे घेऊनच, प्रकट होतात. बोअर-पिस्टन केल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. सुरू झाल्यावर क्रँकचा आवाज ऐकू येतो. क्रँक केल्यावर गिअरबॉक्स बोलू लागतो. प्रत्येक टप्प्यावर मिस्त्री एकच वाक्य म्हणतो, की इतके केलेच आहे तर हेही करून टाका. त्याचे खोटेही नसते.

आमच्या भाच्याची हकीकत येथे नाइलाजाने सांगावी लागते. जैनथच्या पुढच्या एका खेड्यात बहिणीचे बिऱ्हाड आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत कापसाचे पैसे हाती आले तेव्हा आदिलाबादेत एक चालती स्प्लेंडर ३२ हजारांना मिळत होती आणि पैनगंगेपलीकडच्या एका नातलगाकडे दुसरी, चार वर्षे गोठ्यात पडलेली, ११ हजारांना. ‘मामा, इंजिन तर आहे ना!’ भाचा म्हणाला. आम्ही मान डोलावली, हा दोष आमचा. चौदा महिन्यांत तिच्यावर २६ हजार खर्च झाले. त्याच हंगामात एका जिनिंगच्या वजनकाट्यावर त्याला रात्रपाळीचे काम लागत होते. अट एवढीच की येण्याजाण्याची सोय स्वतःची हवी. रात्री त्या वाटेला एसटी नाही. काम दुसऱ्याला गेले. जिनिंगचा हंगाम कार्तिकात सुरू होऊन फाल्गुनात आटोपतो. गाडी वैशाखात सुरू झाली.

आणि सुरू झाली तरी रस्त्यावर येईना. येथे आपल्या सीमेवरच्या लोकांनी विशेष लक्ष द्यावे. १९५६ च्या पुनर्रचनेत किनवट-राजुरा पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. सोयरीक मात्र दोन्ही तीरांवर आहे आणि स्वस्त गाड्या त्या सोयरिकीच्याच वाटेने येतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवली तर इकडचा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडचा नाहरकत दाखला हवा आणि इकडचा करही भरायला हवा. नोंदणी १५ वर्षांची. मुदत संपली असेल तर फेरनोंदणीसाठी गाडी निरीक्षकापुढे चालती न्यावी लागते. भाच्याच्या गाडीच्या आरसीवर नाव होते ते तिसऱ्याच गृहस्थाचे, आणि ते वारलेले. म्हणजे आधी वारसांच्या नावे, मग आपल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. तेव्हा घरातल्याघरात व्यवहार आहे, कागद कशाला, असे म्हणणारे नातलग स्वतःच्याच गळ्यात फास अडकवून घेत असतात. चालत्या गाडीला कागदांची कटकट नसते असे नाही. पण जी रोज रस्त्यावर असते तिचे कागद सहसा जिवंत असतात. गोठ्यातल्या गाडीबरोबर तेही गोठ्यातच पडून राहतात.

कोणी म्हणेल, मुलगा शिकला की! शिकला खरा. टायमिंग चेन बसवायला शिकला. परंतु जे शिक्षण घरातल्या एकुलत्या एका वाहनावर, एकुलत्या एका हंगामाच्या पैशावर होते, त्याला आम्ही शिक्षण म्हणायला तयार नाही. तो जुगार आहे. ज्यांच्या अंगणात दुसरी चालती गाडी आहे, पाठीशी पेन्शन आहे आणि दुपार मोकळी आहे, त्यांनी खुशाल येझ्दी घ्यावी, आरएक्स १०० घ्यावी, दहा वर्षे खोलून ठेवावी. आम्ही चहा प्यायला येऊ. त्या दिवशी एकमत झालेल्या ज्येष्ठांपैकी प्रत्येक जण घरी परतला तो स्वतःच्या चालत्या गाडीवर. आम्हीही.

यंदाचा कापूस विकून झाला की बहिणीकडे पुन्हा तोच प्रश्न निघणार आहे, या वेळी धाकट्यासाठी. आदिलाबादेत एक गाडी आम्ही पाहून ठेवली आहे. सकाळी सहा वाजता, थंडीत, न सांगता जाऊन तिला किक मारून येणार आहोत.