देवगिरी टाळांनी पाडली नाही

यादवांची राजधानी देवगिरी का पडली, याचे एक आयते उत्तर हल्ली पुन्हा व्यासपीठावरून ऐकू येते. संतांनी मराठी माणसाच्या हातातली तलवार काढून घेतली आणि टाळ दिले. म्हणून अल्लाउद्दीन खिलजी आला, तेव्हा लढायला कोणी उरलेच नव्हते. वक्ता थांबतो, टाळ्या पडतात. (टाळ्या चालतात, टाळ तेवढे चालत नाहीत!)

आता पंचांग उघडू. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके 1212, म्हणजे 1290 मध्ये. अल्लाउद्दीन देवगिरीला आला 1296 च्या आरंभी. ज्ञानेश्वरांची समाधी त्याच वर्षाच्या कार्तिकातली. मधली वर्षे जेमतेम सहा. छापखाना नाही, पोथ्या हाताने उतरवायच्या. तरी एवढ्या अवधीत विशीच्या आतबाहेरच्या एका तरुणाने यादवांची अख्खी फौज निवृत्त करून टाकली! इतका प्रभावी ग्रंथप्रसार आजच्या प्रकाशकांनाही जमलेला नाही. आणि रणथंभोर 1301 मध्ये पडले, वरंगळ 1323 मध्ये; तिथे कोणती दिंडी निघत होती? संतांच्या माथी पराभव मारण्याचा हा वाद आपल्याकडे जुनाच. दर पिढीत कोणी तरी तो नव्याने काढतो, तारखा मात्र कोणी काढत नाही.

यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ग्रंथातल्या व्रतांवरही खापर फुटते. ग्रंथात व्रते लिहिली म्हणून सैनिक उपाशी लढत नव्हते.

मग कारण काय? साधे आहे, म्हणून व्याख्यानाला पुरत नाही. यादव राजा रामदेवरायाची मुख्य सेना युवराज शंकरदेवाबरोबर राजधानीबाहेर होती. अल्लाउद्दीनचे काही हजार स्वार उत्तरेतल्या कडा या ठाण्याहून निघून अचलपुरापर्यंत पोचले. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, दिल्लीचा सुलतान असलेल्या काकावर रुसून राजमहेंद्रीला चाकरी शोधायला चाललोय, अशी थाप अल्लाउद्दीनने वाटेत पसरवली होती. ती खपली. लासूरच्या घाटात यादवांचा सरदार कान्हा आडवा आला, लढला आणि हरला. नंतर शंकरदेव परतला आणि तोही लढलाच. मागून आलेल्या, अल्लाउद्दीनचा सरदार नुसरतखान याच्या थोड्या स्वारांना दिल्लीची मोठी फौज समजून यादवांचा धीर सुटला. म्हणजे खोट होती ती हेरखात्यात.

वाचकहो, पुढच्या व्याख्यानात टाळांचा विषय निघाला, तर वक्त्याला एवढेच विचारा: त्या दिवशी शंकरदेवाची सेना कुठे होती?