एक नळी गरम, एक नळी थंड



जोडीतल्या एका बैलाने अंग टाकले, तरी औत लगेच थांबत नाही. सगळे ओझे दुसऱ्याच्या मानेवर येते आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बैल कामातून जातात. दोन सिलिंडरच्या मोटारसायकलचे तसेच आहे. साधी राजदूत १७५ एका सिलिंडरची. ती बिघडली की जागेवर थांबते आणि आपल्याला दुरुस्ती करावीच लागते. पण एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८३ पासून काढलेली राजदूत ३५० ही जोडसिलिंडरी गाडी. तिचे उत्पादन केव्हाच बंद झाले, तरी काही घरांत ती अजून जपलेली आहे. तिचा एक सिलिंडर मेला तरी ती लंगडत चालते. 'चालते ना, मग चालू द्या' असे म्हणून आपण तिच्यावर दुधाचे कॅन लादतो, कारभारणीला मागे बसवतो आणि बाजाराला निघतो.

यात धोका आहे. सिलिंडरला पेट्रोल कमी पडत असेल किंवा कुठून जादा हवा शिरत असेल, तर पिस्टन तापून जाम होतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकदम धरते. कधी तसे झालेच, तर त्याच क्षणी क्लच दाबा म्हणजे चाक मोकळे होईल. पण ती वेळ येऊच नये, म्हणून दोष आधी शोधलेला बरा.

मेलेला सिलिंडर कोणता?

थंड इंजिन किक मारून सुरू करा आणि एक-दोन मिनिटे चालू द्या. मग दोन्ही सायलेन्सरच्या नळ्यांवर, सिलिंडरजवळ, पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. चालू सिलिंडरच्या नळीवर थेंब चर्रकन उडून जाईल, मेलेल्याच्या नळीवर तसाच ओघळेल. हात लावून पाहू नका, कातडी सोलून निघेल. लहान मुलांनाही दूर ठेवा. आणि हे काम उघड्यावर करा, बंद गोठ्यात नको. धूर विषारी असतो.

आता डोके चालवा

दोन सिलिंडर म्हणजे जुळी भावंडे. त्यांचे काही सामाईक आहे, काही वेगवेगळे. बॅटरी, स्विच आणि पेट्रोलची टाकी ही दोघांत सामाईक. ती बिघडली तर दोन्ही सिलिंडर कुरकुरतील. एकच थंड असेल, तर दोष बहुधा वेगळ्या भागांत असतो: प्लग, कॅप, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर, रिंगा आणि सील. हे या गाडीत प्रत्येक बाजूला स्वतंत्र आहेत. तेव्हा पहिल्याच झटक्यात नवी बॅटरी आणू नका. नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत व्हायची.

दुसरा फायदा असा, की चांगला सिलिंडर हेच तुमचे माप आहे. नवा भाग विकत आणण्याआधी डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावून पाहा. भागाबरोबर दोष पलीकडे गेला, तर तोच भाग खराब. दोष जागेवरच राहिला, तर तो भाग निर्दोष, पुढचा तपासा. एका वेळी एकच भाग बदला. दोन बदललेत तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

प्लग काय सांगतो?

इंजिन निवल्यावर दोन्ही प्लग काढा आणि कोणता कुठला ते लक्षात ठेवून शेजारी ठेवा. चांगला प्लग बिस्किटासारखा तपकिरी दिसतो. थंड बाजूचा प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल येते आहे पण जळत नाही. म्हणजे ठिणगी पाहा, आणि त्या बाजूचा चोक अडकलेला नाही ना तेही पाहा. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोलच पोहोचत नाही. पांढराफटक, करपलेला असेल, तर जादा हवा शिरते आहे.

ठिणगी

आधी दोन प्लगांची अदलाबदल करा. पुष्कळदा एवढ्यातच काम होते. नाही झाले, तर इंजिनातले प्लग जागेवरच ठेवून थंड बाजूच्या कॅपला तिसरा, चांगला प्लग लावा. त्याची धातूची बाजू हेडला नीट टेकवून ठेवा आणि किक मारा. प्लग हाताने धरू नका. जवळ पेट्रोलचे भांडे किंवा भिजलेले फडके नसावे. ठिणगी निळसर आणि जोरकस हवी. पिवळी, बारीक किंवा नाहीच पडली, तर कॅप, मग कॉइल अशा क्रमाने अदलाबदल करा. पॉइंट काळे पडले असतील तर साफ करा, फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंटची फट हलवल्यावर टायमिंगही हलते, ते जाणत्या मिस्त्रीकडून बसवून घ्या.

पेट्रोल

ठिणगी ठीक असेल, तर कार्बोरेटरकडे वळा. दोन्ही वाट्यांतले पेट्रोल दोन वेगळ्या काचेच्या भांड्यांत काढा आणि तुलना करा. एका भांड्यात तळाशी पाण्याचा थेंब किंवा गाळ दिसला, तर चोर सापडला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासून आणि धान्यापासून तयार होते ही चांगली गोष्ट, पण ते पाणी शोषून घेते आणि जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्याने लवकर खराब होतात. म्हणून गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर वाट्या रिकाम्या करून ठेवा. सिलिंडर फक्त हळू चालताना मरत असेल आणि मूठ पिळल्यावर जागा होत असेल, तर त्या बाजूचा बारीक जेट तुंबलेला आहे असे समजा.

दाब आणि सील

ठिणगीही आहे, पेट्रोलही आहे, तरी सिलिंडर थंडच. मग दाब मोजून घ्या. गॅरेजमध्ये गेज असतो. मूठ पूर्ण पिळून, सारख्याच किका मारून दोन्ही बाजू मोजायच्या. आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती हे महत्त्वाचे. एक बाजू बरीच खाली असेल, तर रिंगा, बोअर किंवा हेड गॅस्केट पाहावे लागेल.

एका नळीतून पांढरा दाट धूर निघतो आणि गिअरचे ऑइल कमी होते, असे असेल तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे सील गेले. दुसऱ्या बाजूचे सील गेले तर ऑइल नाही, हवा ओढली जाते. मग तो सिलिंडर आधी अशक्त होतो आणि पुढे तापून जाम होतो. सील बदलणे हे मिस्त्रीचे काम आहे. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. टू-टी ऑइलच्या टाकीकडेही रोज नजर असू द्या.

सारांश, स्वस्तापासून महागाकडे जा: प्लग, कॅप, कॉइल, पॉइंट, कार्बोरेटर आणि शेवटी इंजिन. पुष्कळ ठिकाणी उलटे होते. प्लगच्या दोषासाठी इंजिन उघडले जाते, आणि एकदा उघडलेले इंजिन खर्च मागतच राहते. मिस्त्रीकडे जाल तेव्हा 'गाडी ओढत नाही' एवढेच सांगू नका. 'डावी बाजू थंड आहे, प्लग ओला आहे, प्लग बदलून पाहिला, दोष तिथेच राहिला' असे सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसे.

गाडीच्या पेटीत दोन चांगले प्लग आणि प्लगपाना कायम असू द्या. कोणत्या तारखेला कोणत्या बाजूचे काय बदलले, ते घरातल्या वहीत मांडून ठेवा. दूधडेअरीचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीला हे सांगा. ती ते तुमच्याहून नीट ठेवील.