दुर्बीण की छेद?

वयात येणाऱ्या मुलाचा घोळणा वारंवार फुटतो, एक नाकपुडी कायम बंद राहते आणि घरचे उन्हाला किंवा उष्ण खाण्याला दोष देत राहतात. क्वचित यामागे अँजिओफायब्रोमा असतो. नाकाच्या मागच्या भागातली ही गाठ जवळजवळ केवळ मुलग्यांमध्येच आढळते. ती कर्करोगाची नसते, पण रक्तवाहिन्यांनी इतकी भरलेली असते की तपासणीसाठी तुकडा काढणेही जोखमीचे. त्यामुळे निदानाची भिस्त सीटी स्कॅन आणि एमआरआयवरच. शस्त्रक्रियेची गरज बहुतेकांना मान्य आहे. मतभेद आहेत ते वाटेबद्दल.

नाकाच्या कडेने गालावर छेद घेणे, टाळू उघडणे किंवा वरच्या ओठाच्या आतून चेहरा वर उचलणे, या जुन्या वाटा. त्यांना कालबाह्य म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांत हाताला जागा मिळते, आणि रक्ताची धार लागली तर ती थेट दाबता येते. परंतु हा रुग्ण वाढत्या वयाचा असतो. चेहऱ्याची हाडे कापली तर पुढे त्यांची वाढ बिघडण्याची भीती राहते, आणि गालावरचा व्रण जन्मभर सोबत येतो.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही किंमत टाळते. दोन शल्यविशारद दोन्ही नाकपुड्यांतून एकत्र काम करतात: एकाकडे दुर्बीण, दुसऱ्याकडे हत्यारे. गालाच्या सायनसची मागची भिंत काढून गाठीला रक्त पुरवणारी धमनी गाठायची आणि ती क्लिप लावून बंद करायची. मग गाठ सोडवून, जिथून ती उगवली ते हाड ड्रिलने घासायचे. हे शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्या हाडात राहिलेल्या अवशेषातूनच गाठ अनेकदा पुन्हा वाढते. कोनातून पाहणारी दुर्बीण तिथवर नजर पोचवते.

दुर्बिणीने रक्त कमी जाते, गाठ कमी उलटते, असे अनेक अहवाल सांगतात. मात्र लहान गाठी दुर्बिणीच्या आणि मोठ्या गाठी छेदाच्या वाट्याला येत गेल्या. त्यामुळे ही तुलना सरळ नाही. शिवाय शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी मांडीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा रोखतात. ही सोय मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही, आणि तीही निर्धोक नाही: क्वचित दृष्टीला इजा होते. आक्रसलेल्या गाठीचे हाडातले टोक नजरेतून सुटते, असाही काहींचा आक्षेप आहे.

तरीही माझा कौल दुर्बिणीकडे झुकतो, तो गाठ नाक, सायनस आणि लगतच्या पोकळीपुरती असेल तेव्हा. कवटीत शिरलेल्या किंवा मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमनीतून रक्त घेणाऱ्या गाठीसाठी छेदाची किंवा संयुक्त वाट अजूनही रास्त ठरू शकते. अशा रुग्णाला अनुभवी केंद्राकडे पाठवणे हाही चांगल्या वैद्यकाचाच निर्णय. गरज पडल्यास छेद घ्यावा लागेल, हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच पालकांना स्पष्ट सांगायला हवे. पुढची काही वर्षे ठरावीक अंतराने एमआरआय करावा लागेल, हेही त्याच वेळी सांगावे. नाक मोकळे झाले की तपासणीला यायचे थांबणारे बरेच असतात.