एका शब्दाबद्दल तक्रार

मा. भाषा संचालक,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र राज्य



माझ्या सासूबाईंना ६ वर्षांपासून डिमेन्शिया आहे. त्या शिक्षिका होत्या. दुपारचे चार वाजले की पदर खोचून दाराशी येतात; शाळा सुटली, घरी जायचंय म्हणतात. शेजारी याला म्हातारचळ म्हणतात. आत्येसासूबाईंचं निदान वेगळं : सून नीट बघत नाही. लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञाला बनारसमध्येही हेच ऐकू आलं होतं. म्हातारं माणूस बडबडायला लागलं की लोक घरच्यांकडे बोट दाखवत. त्याचं पुस्तक १९९८चं. आमच्या जिन्यात ते अजून जुनं झालेलं नाही.

पेन्शनच्या कागदावर मात्र मला 'स्मृतिभ्रंश' लिहावं लागलं. माझी तक्रार या शब्दाबद्दल आहे.

भ्रंश म्हणजे पतन. 'भ्रष्ट' त्याचाच सख्खा भाऊ. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'स्मृतिभ्रंश' हा शब्द येतो तो आसक्ती, काम, क्रोध, मोह अशा उतरंडीनंतर. तिथे तो चपखलच आहे, कारण तिथे घसरणाऱ्याचा दोष आहे. सासूबाईंच्या मेंदूतल्या पेशी मरताहेत, यात त्यांना कसला मोह झाला? शिवाय प्रश्न नुसत्या स्मृतीचा नाही. साडी नेसताना आधी काय, मग काय, हेच त्यांना उमगत नाही.

जपानमध्ये या आजाराला 'चिहो' म्हणत. त्या दोन अक्षरांतून मूर्ख, भांबावलेला असा अर्थ निघे. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने लोकांची मतं मागवली आणि २००४च्या डिसेंबरात 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा आजार, हा शब्द आणला. नुसत्या शब्दाने काय होतं, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी सामान्य माणसांसाठी या आजाराबद्दल दीड तासाचे वर्ग घेणं सुरू केलं. आजवर १ कोटीहून जास्त लोक ते शिकलेत. त्यांत दुकानदार आहेत, बँकेतले कारकून आहेत, शाळकरी मुलंही आहेत. आमच्या पेन्शनच्या खिडकीवरच्या माणसाने मात्र "म्हणजे वेडसर का?" असं विचारलं, तेही सासूबाईंच्या देखत.

नवा शब्द गोडगोड नको. 'दिव्यांग'सारखा देव्हाऱ्यात बसवणारा तर नकोच. संस्कृत कोश उघडण्याआधी चार घरांत जाऊन, तिथली माणसं एकमेकांशी काय बोलतात ते ऐका. आमच्याकडे "आज आईंचं बोट सुटलंय" म्हणतात.

यायचं झालं तर सकाळी या. चार वाजता मी घरी नसते. सासूबाईंचा हात धरून इमारतीला दोन फेऱ्या घालते. मग त्या स्वतःच बेल वाजवतात, आणि शाळेतून घरी पोहोचतात.

आपली,
एक सून